पाठमोरीचे वाटे

अर्धी वाट संपत आली तेव्हा पाठमोरीने डोक्यावरचं ओझं न उतरवताच विचारलं, "बाई, यादीत नावं किती?"

"चोवीस."

"आणि पोरं?"

गावच्या शाळेत बाई एकच. तेव्हा पोरं किती हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? वादळाच्या आधी एक्केचाळीस होती आणि देवाच्या दयेने वादळानंतरही एक्केचाळीसच होती. होड्या गेल्या, जाळी गेली, खालच्या ओळीतली घरं तर भिंतींसकट गेली, पण पोर एकही गेलं नव्हतं. रोज दिवा लावताना बाई त्यासाठी वेगळे हात जोडत. आज मात्र तो आकडा त्यांच्या तोंडून निघेना.

"एक्केचाळिसातून चोवीस गेले," पाठमोरी स्वतःच म्हणाली. "मी शाळेत गेले नाही बाई, पण मासे मोजता येतात मला. सतरा उरले."

"त्यांचं पुढच्या खेपेला येईल."

"कोण म्हणालं?"

"कुणी नाही," बाईंनी कबूल केलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती, आणि कधी बोलायला गेल्या तर जमतही नसे.

समुद्राकडचा रस्ता वादळात वाहून गेला होता. मदत पाठवणाऱ्या संस्थेचा टेम्पो मोठ्या फाट्यापर्यंतच आला, आणि तिथून गाव ओहोटीच्या वेळीसुद्धा अडीच तासांचं. मुलांसाठी आलेल्या भेटींची पाच पोती होती. चार पोती घेऊन चौघी जणी पुढे निघून गेल्या होत्या, पाचवं पाठमोरीच्या डोक्यावर होतं. बाईंच्या हातात फक्त यादी आणि संस्थेने फोटोंसाठी दिलेला मोबाइल. तरी धाप लागली होती ती बाईंनाच. ओल्या वाळूत त्यांची चप्पल दर पावलाला अडकत होती. पाठमोरी अनवाणी, सरळ मानेने, एका चालीत चालत होती. तीस वर्षं तिने याच वाटेने माशांच्या पाट्या बाजाराला नेल्या होत्या. डोक्यावर ओझं असलेल्या माणसाला मान वळवून बोलता येत नाही, तशी ती समोर बघूनच बोलायची. ओझं नसलं तरीही.

"काय म्हणाला तुमचा तो साहेब?" तिने विचारलं.

"माझा कशाला? संस्थेचा." साहेब म्हणजे एक तरुण, नम्र मुलगा होता. चिखलातून बूट सांभाळत त्याने बाईंना तीनदा बजावलं होतं. "म्हणाला, ज्याचं नाव त्याच्याच हातात पार्सल द्यायचं. तिथेच उघडायचं आणि हसतानाचा फोटो काढायचा. शहरातल्या मुलांनी आपापल्या हातांनी बांधलीत ती. फोटो गेले की देणारे खूश, आणि ते खूश झाले की शाळेवरचे पत्रे मिळणार. पत्रे त्यांच्या गोदामात येऊन पडलेत."

"म्हणजे पोरं हसली तर छप्पर."

"तसंच म्हणा."

"आणि न हसता नुसतीच भिजली तर?"

बाईंना हसू आलं, पण पुरतं आलं नाही. शाळेचं छप्पर वादळाने उचलून थेट समुद्रात टाकलं होतं. सध्या शाळा बर्फाच्या कारखान्यात भरत होती. कारखान्यात वीज नव्हती म्हणूनच मालकाने ती भरू दिली होती. फळा बर्फ फोडायच्या यंत्राला टेकवलेला, आणि मुलं ओलसर फरशीवर, मधल्या गटाराच्या दोन्ही बाजूंना बसायची. वीज आली की मालकाला जागा परत हवी होती. पाऊस पाच-सहा आठवड्यांवर आला होता. पत्रे आले नाहीत तर शाळा भरणार कुठे, हे बाई रोज देवाला विचारत. त्याने अजून सांगितलं नव्हतं.

"नावं वाचा बरं," पाठमोरी म्हणाली.

बाईंनी चालता चालता वाचली. दुकानदाराचा मुलगा. लिलाव पुकारणाऱ्याच्या दोघी मुली. डिझेलवाल्याचा नातू. पाठमोरीची स्वतःची नात. वाचता वाचता बाईंचाच आवाज खाली खाली येत गेला.

"सगळी वरच्या ओळीतली," पाठमोरी म्हणाली.

ते कसं झालं हे दोघींनाही ठाऊक होतं. वादळानंतरच्या आठवड्यात साहेब आला आणि लिलावाच्या शेडमध्ये टेबल टाकून बसला. जी मुलं समोर आली त्यांची नावं त्याने लिहून घेतली. ज्यांची घरं उभी होती त्यांनी मुलांना तोंडं धुऊन, भांग पाडून पाठवलं. ज्यांची घरं गेली ती माणसं पोराबाळांसकट किनाऱ्यावर फळ्या गोळा करत होती, नाहीतर पाहुण्यांच्या गावी निजायला जागा शोधत होती. नाव द्यायला उभं राहायचं तर आधी उभं राहायला उंबरा लागतो. साहेबाने काही वाईट केलं नव्हतं. समोर दिसलं तेवढं त्याने लिहिलं.

"वाटे घालू या," पाठमोरी म्हणाली.

"नको गं मावशी. पत्र्यांचं काय?"

पाठमोरीने चाल वाढवली. बाईंना वाटलं, विषय संपला.

तिला पाठमोरी का म्हणत, ते सांगायला हवं. त्या गावात एक मोठं जाळं सगळ्यांचं मिळून होतं. ते समुद्रात अर्धगोल सोडायचं आणि दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून सगळ्या गावाने ओढायचं. जाळं बाहेर आलं की मासळीचे वाळूवर वाटे पडत. मोठा मासा असेल तर एकटा, बारीक मासळी असेल तर ओंजळीओंजळीने, होईल तेवढे सारखे ढीग. पण डोळ्यांना सारखे दिसणारे ढीग मनाला कधी सारखे वाटतात? म्हणून एक माणूस ढिगांकडे पाठ करून, समुद्राकडे तोंड करून उभा राही. दुसरा एकेका ढिगाला काठी लावून विचारी, "हा कुणाचा?" आणि पाठमोरा माणूस न बघता एक नाव घेई. ज्याचं नाव त्याचा ढीग, मग त्यावर चकार शब्द काढायचा नाही. ओढायला न आलेल्या आजाऱ्याचं नावही घेतलं जाई आणि विधवेचंही.

ती नवी नवरी असताना पाठमोरं उभं राहायचं काम पुरुषांकडे आळीपाळीने असे, आणि दर वेळी भांडण होई. म्हणून एकदा कुणीतरी म्हणालं, या नव्या सुनेला उभी करा, तिला अजून गावात ना मित्र ना शत्रू. ती उभी राहिली. त्या दिवशी जाळ्यात एक भलामोठा मासा आला होता, आणि काठी त्याच्या ढिगावर आली तेव्हा तिचा नवरा खोकला. घरी सकाळीच त्याने तिला सांगून ठेवलं होतं, मी खोकलो की आपलं नाव घे. तिने खोकला ऐकला. मग तिने नाव घेतलं ते एका म्हाताऱ्या विधवेचं.

नवरा महिनाभर तिच्याशी बोलला नाही. पण गावाने दुसऱ्या कुणाला त्या जागी पुन्हा उभं केलं नाही. बत्तीस वर्षं तीच उभी राहत होती. आपल्या घराचं नाव ती नेहमी सगळ्यांत शेवटी घ्यायची. उरेल ते आमचं, म्हणायची. नवऱ्याला शेवटच्या वर्षी छातीचा आजार झाला आणि तो खराच खोकायला लागला, तेव्हा गावातले टवाळ म्हणायचे, "पाठमोरे, बघ, ढीग मोठा दिसतोय." ती हसायची. नवरा गेल्यावर बाई भेटायला गेल्या तेव्हा ती म्हणाली होती, "त्याचा शेवटचा खोकला ऐकला तेव्हा मी वळून पाहिलं बाई. पहिल्यांदाच." मुलगा दूरच्या बंदरात मोठ्या बोटींवर होता. घरी ती, सून आणि आठ वर्षांची नात. तिचं घर वरच्या ओळीत होतं आणि वादळातून वाचलं होतं.

गावात पोचल्या तेव्हा लिलावाच्या शेडमध्ये मुलं बसली होती. एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. खेळणी येणार म्हटल्यावर घरी कोण थांबणार? शेडचा अर्धा पत्रा उडाला होता. सावलीच्या भागात वरच्या ओळीतल्या मुलांनी आधीच जागा धरली होती, उरलेली उन्हात बसली होती. आया कडेने उभ्या होत्या. पोती सोडली, पार्सलांची रास झाली. प्रत्येकावर चिकटवलेलं नाव, आणि खाली संस्थेचा फोन नंबर.

बाईंनी पहिलं नाव वाचलं. दुकानदाराचा मुलगा पुढे आला. पार्सलातून लोकरीची टोपी, हातमोजे आणि तुकडे जुळवायचं चित्र निघालं. इथे थंडी म्हणजे पंखा बंद करायचे आठ दिवस. मुलाने हातमोजे घातले आणि घामाघूम होऊन फोटोसाठी हसला. लिलाववाल्याच्या थोरलीला पोहायला शिकताना कमरेला घालायचं फुगवायचं चाक मिळालं. ती पाच वर्षांची असल्यापासून होडीखालून पोहत जाऊन दुसऱ्या बाजूला निघत असे.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"बुडू नये म्हणून," बाई म्हणाल्या.

"कोण?"

सगळी शेड हसली. फोटो चांगला आला.

मग पाठमोरीच्या नातीचं नाव आलं. तिच्या पार्सलात पिवळा रेनकोट होता. कोरा, टोपीचा, दोन खिशांचा, आणि मापाचा तर असा की शिंप्याने अंगावर बेतून शिवावा. नातीने तो भर उन्हात घातला, बटणं लावली, टोपी डोक्यावर ओढली आणि दोन्ही हात खिशात घातले. सून कडेला उभी होती. पोरीकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते वादळानंतर बाईंनी कुणाच्याच चेहऱ्यावर पाहिलं नव्हतं.

सात नावं झाली. आठवं वाचायच्या आत उन्हातून आवाज आला. "बाई, माझं कधी?"

खालच्या ओळीत जाळी विणणारा एक होता, त्याची मुलगी. वादळाच्या दिवशी अंगावर होता तोच फ्रॉक अजून तिच्या अंगावर होता. बाईंना तिला हो म्हणता येईना, नाही म्हणवेना. बाईंनी काय केलं, तर यादीचा कागद उलटा केला. मागच्या बाजूला जणू काही नावं असतील. मागे कोरं होतं. बाई त्या कोऱ्या कागदाकडे बघत राहिल्या.

पाठमोरीने ते पाहिलं. तिने कमरेची मासे कापायची सुरी काढली आणि पार्सलांपाशी येऊन बसली.

"मावशी, नको," बाई हळूच म्हणाल्या. "पत्रे."

"पोती कुणी आणली बाई? गावाच्या बायकांनी डोक्यावरून. मग आलं ते गावाच्या जाळ्यात आलं." तिने पहिली दोरी कापली. "तुम्ही वाचायचं थांबवा. कोरा कागद कसा वाचणार?"

चोवीस पार्सलं फुटली. आधी दिलेल्या सातांमधल्या वस्तूही परत घ्यायच्या होत्या. पाठमोरी सगळ्यांत आधी आपल्या नातीपाशी गेली. "काढ," म्हणाली. नातीने आईकडे पाहिलं. आईने ओठ दाताखाली धरले. नातीने एकेक बटण काढायला इतका वेळ लावला की शेवटी पाठमोरीनेच खाली बसून उरलेली काढली. तिचं झाल्यावर बाकी सहाजणांना नाही म्हणायला तोंड उरलं नाही.

जुन्या शिडाच्या कापडावर एक्केचाळीस ढीग पडले. मोठी वस्तू एकटी, बारीकसारीक चार चार मिळून. एका डोळ्याची बाहुली आणि तिच्यासोबत खडूंचा डबा. काळा चष्मा आणि दोन वह्या. पाठमोरीने दोनदा फेरी मारली, इकडचा चेंडू तिकडे केला, आणि मग उठून समुद्राकडे तोंड करून उभी राहिली. पदर खोचला, हात मागे बांधले. बाईंनी फळ्यावरची लाकडी पट्टी मागवून घेतली आणि पहिल्या ढिगाला लावली.

"हा कुणाचा?"

"बर्फवाल्याच्या धाकट्याचा."

"हा?"

"जुळ्यांतल्या मोठीचा."

खेळच झाला. नाव पुकारलं की मूल धावत येई, ढीग उचले, बाई फोटो काढत. फुगवायचं चाक एका कुबड्या घेऊन चालणाऱ्या मुलाला गेलं, त्याने ते तिथेच गळ्यात घातलं. हातमोजे ज्याला गेले त्याचा बाप म्हणाला, "बरे आहेत, खेकडे धरायला." वरच्या ओळीतल्या आयासुद्धा हसल्या, काही जणी तरी.

बाईंचं लक्ष मात्र त्या पिवळ्या रेनकोटाकडे होतं. पाठमोरी आपल्या घराचं नाव शेवटी घेते हे त्यांना माहीत होतं. म्हणजे शेवटी जो ढीग उरेल तो तिच्या नातीचा. बाईंनी देवाला मनातल्या मनात सांगितलं, एवढं एक, मी काही माझ्यासाठी करत नाही. पट्टी रेनकोटाच्या ढिगापाशी आली आणि पुढच्या ढिगावर गेली. फिरत फिरत पुन्हा आली, क्षणभर थांबली आणि पुन्हा पुढे निघाली.

"बाई," पाठमोरी समुद्राकडे बघतच म्हणाली, "कोट आधी लावा."

बाईंचे कान तापले. "तुला कसं कळलं?"

"पट्टी लंगडतेय मघापासून. बत्तीस वर्षं ऐकतेय मी."

बाईंनी पट्टी पिवळ्या कोटावर ठेवली. "हा कुणाचा?"

किनाऱ्यावर एक लाट येऊन परत गेली.

"जाळीवाल्याच्या मुलीचा," ती म्हणाली.

शेवटी उरला तो ढीग लोकरीच्या टोपीचा आणि अर्ध्या झिजलेल्या पेन्सिलींचा. तो पाठमोरीच्या नातीने उचलला. फोटोत ती हसली नाही. बाईंनी दोनदा सांगून पाहिलं.

त्या संध्याकाळी बाईंनी एक्केचाळीस फोटो संस्थेला पाठवले. त्यांना खरंच वाटलं होतं की चोवीसच्या जागी एक्केचाळीस चेहरे बघून देणाऱ्यांना जास्त आनंद होईल. शिकल्यासवरल्या बाईने असं समजावं, याचं नंतर त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. पण त्या गावात जन्म काढलेल्या माणसाला दुसरं काही सुचलंही नसतं.

त्याच संध्याकाळी सुनेने पार्सलावरच्या चिठ्ठीवरचा नंबर लावला. ती बोलली ते एकच वाक्य, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. "माझ्या मुलीच्या नावाचं पार्सल फोडून दुसरीला दिलं." त्या वाक्याला पत्रे बांधलेले आहेत हे तिला कुठे ठाऊक होतं?

दहाव्या दिवशी साहेबाचा फोन आला. आवाज पूर्वीसारखाच नम्र. शहरातल्या एका मुलीने खाऊचे पैसे साठवून पिवळा रेनकोट घेतला होता. फोटोत तो भलत्याच मुलीच्या अंगावर. मुलीने आईला विचारलं, ही कोण? आईने संस्थेला विचारलं. मग बाकीच्यांनीही आपापले फोटो नीट पाहिले. मागोमाग पत्र आलं. त्यात लिहिलं होतं की भेटवस्तूंचा अपहार झाल्याचे निदर्शनास आले असून, सबब पुढील टप्पा स्थगित करण्यात येत आहे.

बाईंनी चार पानी उत्तर लिहिलं. जाळं, ढीग, पाठमोरं उभं राहणं, कोरी मागची बाजू, सगळं. सुवाच्य अक्षरात, एकही खाडाखोड न करता. साहेबाने ते वाचलं असावं, कारण फोनवर तो म्हणाला, "बाई, मला पटलं हो. पण फॉर्मवर वाटे असा रकाना नाही. हरवलं, खराब झालं, चोरीला गेलं, एवढे तीनच आहेत. एका माणसाचं नाव आणि त्याची कबुली द्या, मी फाइल बंद करतो. सोमवारपर्यंत नाही आली तर पत्रे दुसऱ्या गावाला जातील. तिथेही शाळाच आहे."

गावात बातमी पसरायला फोन लागत नाही. वरची ओळ म्हणाली, पाठमोरीला मिरवायची भारी हौस. त्याचं बाईंना काही वाटलं नाही. पण खालची ओळही तेच बोलायला लागली. ज्यांच्या पोरांच्या हातात वह्या आणि चेंडू होते तीच माणसं म्हणाली, "आम्ही मागितलं होतं का? सतरा पोरांच्या खेळण्यांपायी एक्केचाळिसांचं छप्पर घालवलं." जाळीवाला रेनकोट घडी करून घेऊन आला आणि पाठमोरीच्या उंबऱ्यावर ठेवून गेला. कॉलरला मळ लागला होता, एक बटण तुटलं होतं. नातीने त्याला हात लावला नाही. ती आजीशी बोलतही नव्हती. महिना व्हायला आला होता.

आणि मग गावाने जुनी जाळी जोडून-तुणून पहिल्यांदा मोठं जाळं ओढलं. मासळी थोडीच आली. ढीग पडले. पाठमोरी पदर खोचून पुढे झाली, तर लिलाववाला तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मावशी, तुम्ही बसा आता. वय झालं." त्याचा भाऊ पाठमोरा उभा राहिला. त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. माणसांनी आपापले ढीग उचलले. पाठमोरीचं नाव शेवटी घेतलं गेलं, तिनेच घालून दिलेली रीत. उरलेला वाटा तिने टोपलीत भरला आणि घरी नेला.

रविवारी दुपारी बाई बर्फाच्या कारखान्यात एकट्या बसल्या होत्या. समोर फॉर्म होता. तिन्ही रकाने कोरे. पाठमोरी आली आणि गटाराच्या पलीकडे फरशीवर बसली.

"लिहिलं?"

"मी माझं नाव लिहिणार आहे," बाई म्हणाल्या. "यादी माझ्या हातात होती."

"तुमचं लिहिलं की तुम्हाला काढतील. छप्पर आलं आणि बाई गेली तर पोरं काय पत्रे वाचत बसतील?" तिने पदराने फरशीचा एक तुकडा पुसला, पुन्हा तोच पुसला. "माझं लिहा. चोरीचा रकाना आहे ना? त्यात. पार्सलं मी फोडली, कोट मी पळवला. कोट घरात आहेच, बघायला आले तर दाखवता येईल."

"मावशी, चोरी तू केलेली नाहीस. असं खोटं मी लिहू कशी? वर देव बघतो."

"त्याला म्हणावं, सही होईतो जरा पाठ कर. मी बत्तीस वर्षं केली. त्याला दोन मिनिटं जमेल."

बाईंना रडू आलं. पाठमोरीने त्यांना रडू दिलं, समजूत काढली नाही. बाहेर विजेच्या खांबावर माणसं चढली होती, तारा ओढत होती. त्यांचे आवाज आत ऐकू येत होते.

"तुझी नात वाचायला लागलीय," बाई शेवटी म्हणाल्या. "उद्या हा कागद तिच्या हाती पडला तर?"

"बोलत तर आताही नाही. पत्र्याखाली बसून वाचेल. तेवढं झालं तरी पुष्कळ."

बाईंनी पेन उघडलं. चोरीच्या रकान्यात खूण केली. रेघ वाकडी आली. मग नावाच्या जागी आल्या आणि सवयीने पहिलं अक्षर लिहायला हात टेकवला. पाठमोरी एकदम पुढे सरकली. तिला अक्षर कळत नव्हतं, पण बाईंचा हात ती पट्टीसारखाच ऐकत असावी.

"बाई, एक मागते," ती म्हणाली. "बापाने ठेवलेलं नाव माझ्या कार्डावर आहे, ते घाला. गावात कुणाला आठवतही नाही ते, त्याचं काही जाणार नाही. पाठमोरी तेवढं लिहू नका. तिने चोरलेलं नाही काही."